हिरूचं आठवं पान

मित्रांनो, आमच्या शाळेतल्या पत्र्याच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, खडूंच्या खोक्याला टेकून जो काळा चपटा जीव पडला आहे, तो मी. मी एक टॅब आहे. वय विचाराल तर जेमतेम पाच वर्षं, पण आमच्या कुळात पाच वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझ्या काचेचा एक कोपरा तडकला आहे, पाठ फुगली आहे, आणि बटण दाबल्यावर जागा व्हायला मला इतका वेळ लागतो की तोवर मुलं बाराचा पाढा म्हणून मोकळी होतात. हे सगळं मी हसत सांगू शकतो. एक गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. माझ्या पोटात एक माणूस बोलतो, आणि तो माणूस आता या जगात नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जाग आली तेव्हा मी तलासरीत एका टेबलावर होतो आणि समोर कुणीतरी भाषण करत होतं. मुंबईच्या काही दानशूर मंडळींनी आसपासच्या शाळांना टॅब दिले, त्यांतला एक मी. माझ्या वाट्याला काकडपाडा आला. हमरस्त्यापासून आत चार किलोमीटर, दोन खोल्यांची शाळा, वर पत्रे, आणि नेटवर्क म्हणाल तर फक्त पाण्याच्या टाकीपाशी. जयश्री बाई तिथे शिकवायच्या. त्या डहाणूहून रोज एसटीने तलासरीला यायच्या आणि तिथून रिक्षाने पाड्यावर. त्यांचे यजमान गोपीनाथराव रेल्वेत, राहायला रेल्वेचे क्वार्टर्स. बाई स्वभावाने कनवाळू, पण अर्धवट काम त्यांना खपायचं नाही. वहीत एखादं उत्तर अर्धं दिसलं की त्यांचा लाल पेन लगेच 'अपूर्ण' असा शेरा मारायचा. या लाल पेनाला विसरू नका, त्याची ही सवय पुढे नडणार आहे.

बाईंनी मला फार जपलं. दसऱ्याला माझी पूजासुद्धा केली. मुलांनी इतक्या प्रेमाने हळदकुंकू वाहिलं की ते माझ्या आवाजाच्या जाळीत जाऊन बसलं. त्या दिवसापासून माझा आवाज जो घोगरा झाला, तो कायमचाच.

मग बाईंना इंटरनेटवर एक साइट सापडली. तिथे घरातल्या लहानथोरांनी मिळून चित्रांची गोष्ट बनवायची. वर चित्र, खाली ओळी, आणि कडेला एक लाल गोल बटण. ते दाबून बोललं की बोलणाऱ्याचा आवाज त्या पानात जाऊन बसायचा. आठ पानं भरली की खाली 'पूर्ण' असं जांभळं बटण उजळायचं. ते दाबलं की गोष्टीचं पुस्तक व्हायचं, मग ते आवाजासकट उतरवून घ्या नाहीतर छापून घ्या. आठ पानं भरली नाहीत तर गोष्ट तशीच साइटवर पडून राहायची. बाईंनी ठरवलं की दर शनिवारी एका मुलाने मला घरी न्यायचं, घरच्यांना बसवून गोष्ट करायची आणि सोमवारी मला परत आणायचं.

ते माझे सोन्याचे दिवस. पाड्यावरच्या एकेका घरात मी पाहुणा म्हणून गेलो. साइटवर तयार चित्रंही होती, पण घर म्हटलं की धुराड्याचं घर यायचं आणि आई म्हटलं की पिवळ्या केसांची बाई. बायका ते बघून तोंडाला पदर लावून हसायच्या. हात मोकळा झाला की त्या स्वतःच माझ्या काचेवर बोटाने काढायला लागायच्या, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात तशीच माणसं, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यांना हातपाय, वर एक टिंब. पोरांना लिहिता यायचं, मोठ्यांना सांगता यायचं, आणि दोघांना एकमेकांची गरज पडायची. तालुक्याच्या कार्यक्रमात आमच्या गोष्टी दाखवल्या गेल्या तेव्हा टाळ्या पडल्या, आणि मला वाटलं की त्या माझ्याचसाठी आहेत. इतका शिष्ट झालो होतो मी.

निलमची पाळी आली ती ऑगस्टात. निलम तिसरीतली, बारीक, बोलायला कमी आणि बघायला जास्त. घरात आजा बाबल्या, आई भिकी आणि बाप हिरू. हिरू खलाशी होता. पाड्यावरचे बरेच पुरुष भाताची आवणी उरकली की गुजरातच्या बोटींवर जातात ते थेट मे महिन्यात परततात, तसाच तोही जायचा. या वेळी त्याला निघायला दोनच दिवस उरले होते.

बाबल्याला वाटलं, मी सरकारी पाहणीला आलो आहे. त्याने ट्रंकेतून रेशन कार्ड काढलं, डोक्याला तेल लावलं आणि भिंतीपाशी ताठ उभा राहिला. फोटो नाही, गोष्ट सांगायची आहे, असं निलमने सांगितलं तेव्हा तो थोडा नाराज झाला. म्हातारा हलला नाही, तसाच उभा राहिला आणि म्हणाला की गोष्टीतही आपण उभेच बरे दिसू.

गोष्ट हिरूने सांगितली आणि चित्रं भिकीने काढली. निलमने खाली ओळी लिहिल्या. एका कोंबडीला समुद्र बघायचा असतो, म्हणून ती बोटीवरच्या बर्फाच्या पेटाऱ्यात लपते. बोट लांब गेल्यावर ती सापडते आणि तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणतो, हिचं कालवण करा. कोंबडी म्हणते, माना कापू नका, मी वारा सांगन. पाड्यावर 'मला'ला 'माना' म्हणतात. मग ती डोलकाठीवर बसून वारा सांगू लागते आणि तांडेलही तिला मानू लागतो. हिरू लाल बटण दाबून बोलायचा तेव्हा आधी घसा खाकरायचा आणि "हां, आथा बघ, निलम" असं म्हणायचा. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला तेच. सातव्या पानावर वादळ येतं, बोट वाट चुकते, आणि कोंबडीला लांब अंधारात एक उजेड दिसतो. तो घरचा दिवा की आभाळातली चांदणी, ते तिला कळत नाही.

इथे हिरू थांबला. निलम म्हणाली, "मंग काय होता, बाबा?"

"ते मी आलो का सांगन," हिरू म्हणाला. "तवर ही पुरी करू नका."

लाल बटण अजून दाबलेलंच होतं, म्हणून हे बोलणंही सातव्या पानात बसलं.

मित्रांनो, त्या घराची ही रीतच होती. घरातून लांब जाणारा माणूस एक काम अर्धं ठेवून जायचा आणि परत आला की ते पुरं करायचा. बाबल्या तरुणपणी असंच करायचा, त्याचा बापही. काम वाट बघत असलं की माणसाला यावंच लागतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या साली हिरूने धान्य साठवायची बांबूची कणगी विणायला घेतली होती. ती गळ्यापर्यंत आणून त्याने काठ वळायचा तसाच ठेवला. वर निघालेल्या पात्या चारी बाजूंना पसरल्या होत्या. भिकी झाडताना त्यांना धक्का लागणार नाही याची काळजी घ्यायची. या वर्षी अर्ध्या कणगीच्या जोडीला अर्धी गोष्टही होती.

सोमवारी निलमने मला परत आणलं. टाकीपाशी नेटवर्क मिळालं तशी सातही पानं साइटवर गेली, माझ्यात त्यांची ऐकण्यापुरती नक्कल राहिली. आठवं पान कोरं बघून बाईंच्या कपाळाला आठी पडली. निलमने कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं, मे महिन्यात पूर्ण करू.

नोव्हेंबरात समुद्र खवळला. निलम वर्गात मला हातात धरून बसली होती, बाकीच्या मुलांना कोंबडीची गोष्ट दाखवत होती, तेव्हा दारात तिचा शेजारी येऊन उभा राहिला. तो काय म्हणाला ते मी ऐकलं. बोट बुडाली होती, सहाजण वाचले होते, दोघे सापडले नव्हते, आणि त्या दोघांत हिरू होता. निलमच्या हातून मी खाली पडलो. माझा कोपरा तडकला तो त्या क्षणी. कुणी मला उचललंही नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हिरू सापडलाच नाही. भिकीने कुंकू पुसलं नाही आणि बाबल्याने दिवसपाणी केलं नाही. बाई मला चार्जिंगला लावून कपाटात ठेवू लागल्या. तडकलेल्या काचेने मुलांची बोटं कापतील म्हणून माझं घरोघर जाणं बंद झालं. माझ्यावर धूळ बसली. कधीकाळी टाळ्या ऐकलेला मी, आता दिवसभर पालींची चुकचुक ऐकायचो.

फेब्रुवारी अर्धा सरला आणि ऊन तापायला लागलं. एके दिवशी भर दुपारी, मुलं गणितं सोडवत असताना, बंद कपाटातून कुणीतरी घसा खाकरला. मग आवाज आला, "हां, आथा बघ, निलम."

मुलं किंचाळत बाहेर पळाली. निलम एकटी आत राहिली. ती कपाटाजवळ गेली नाही आणि दाराकडेही गेली नाही, बाकाला धरून उभी राहिली. बाईंनी कपाट उघडलं. मी एकटाच जागा होऊन कोंबडीची गोष्ट सांगत होतो.

गोपीनाथरावांना यंत्रांतलं कळायचं. ते म्हणाले, पत्रा तापला की टॅबची पाठ फुगते, तडकलेल्या कोपऱ्यावर दाब येतो आणि काचेला वाटतं कुणी बोट लावलं. असेल तसंच. पण मी त्या बोटाखालचा आहे, म्हणून खरं सांगतो, मला ते कधीच नुसता दाब वाटलं नाही. रोज बारा वाजले की माझ्या कोपऱ्यावर एक जाड, दोराने घट्टे पडलेलं बोट टेकायचं, आणि मी त्याला नाही म्हणू शकायचो नाही. मला माझीच भीती वाटायला लागली.

पाड्यावर बोभाटा झाला. कपाटाच्या कडीला कुणी लिंबू बांधून गेलं. दुपारचा वर्ग ओट्यावर भरू लागला. आणि त्या रिकाम्या खोलीत बाबल्या येऊन बसू लागला. तो डोक्याला तेल लावून यायचा आणि कपाटासमोर जमिनीवर मांडी घालायचा. विडी काढायचा पण पेटवायचा नाही. सातवं पान संपेपर्यंत ऐकायचा आणि उठून जायचा. चिकूच्या वाडीतलं काम अर्ध्या दिवसाचं असलं की भिकीही यायची. ती गोष्ट संपल्यावरही उठायची नाही. "पुरी करू नका" या शब्दांनंतर माझ्यात जी शांतता व्हायची, ती भिकी बसून ऐकायची. तिला वाटत असावं की आज पुढचं सांगेल. मित्रांनो, मी जन्मात कुणाला इतकं फसवलं नसेन, आणि तेही एक शब्द न बोलता.

मार्चमध्ये साइटवर सूचना आली. साइट एकतीस तारखेला बंद होणार होती. पूर्ण झालेली पुस्तकं उतरवून घ्या, अपूर्ण गोष्टी साइटवरून आणि टॅबमधूनही पुसल्या जातील, असं तिथे लिहिलं होतं. बाईंनी आधी दुसरा उपाय करून बघितला. मी बोलत असताना आपला मोबाइल जवळ धरून त्यांनी हिरूचा आवाज भरून घेतला आणि तो भिकीला ऐकवला. माझा घसा हळदीने बसलेला, त्यात मोबाइलची खरखर. भिकीने ऐकलं आणि मान हलवली. हा त्याचा नाही, कुणा आजारी माणसाचा आहे, असं ती म्हणाली. निलमलाही तसंच वाटलं. खरा, स्वच्छ आवाज साइटवरच्या त्या सात पानांत होता, आणि तो बाहेर काढायची वाट एकच होती. आठवं पान भरून जांभळं बटण दाबायचं.

बाई मला घेऊन भिकीच्या घरी गेल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, काहीही चार ओळी सांग, गोष्ट पूर्ण होईल आणि आवाज वाचेल. भिकीने कोपऱ्यातल्या कणगीकडे बोट केलं. तिच्या पात्या तशाच चारी बाजूंना पसरल्या होत्या.

"बाई, तो सांगून गेला, पुरी करू नका. मी पुरी केली तं तो कशाला येल?"

 निलम माझ्याकडे बघत होती. तिला बापाचा आवाज हवा होता, आणि आई खोटी पडायलाही नको होती. एवढ्याशा पोरीच्या वाट्याला हे असलं त्रांगडं आलं होतं, आणि त्याचं मूळ मीच होतो.

शेवटच्या शनिवारी बाई मला डहाणूला घरी घेऊन गेल्या. दुपारचे दोन वाजले होते, घरात कुणी नव्हतं. त्या बराच वेळ आठव्या कोऱ्या पानाकडे बघत बसल्या. त्या पानाच्या खाली एक नवं बटण आलं होतं, 'जादूने शेवट करा'. बाईंच्या मनात आलं असणार की शेवट यंत्राने केला तर तो भिकीने केला असं होत नाही, आवाज वाचतो, आणि लाल पेनाचा 'अपूर्ण' शेराही लागत नाही. त्यांनी बटण दाबलं. साइटने विचारलं, शेवट याच आवाजात हवा का? बाईंनी 'हो' म्हटलं. मला वाटतं, त्यांना तो प्रश्न नीट कळलाच नाही.

चित्र आलं. धुराड्याचं घर, निळी टोपी घातलेला गोरा बाप, त्याच्या खांद्यावर कोंबडी. आणि मग माझ्या तोंडून हिरूचा आवाज निघाला.

"मी परत आलो आहे, माझ्या लाडक्या मुली. आता आपण सारे कायम एकत्र राहू."

घसा खाकरणं नव्हतं, "हां, आथा बघ" नव्हतं, पण आवाज तोच, त्यातला जरासा चिरकेपणाही तोच. बाईंनी मला पलंगावर टाकलं आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मित्रांनो, माझ्यात त्या माणसाची सात पानं होती, ती त्याने स्वतःच्या श्वासाने भरली होती. हे आठवं पान मात्र कुणाच्याच श्वासाचं नव्हतं. मेलेला माणूस पोटात असणं मी सोसलं होतं. तो कधीच बोलला नाही असं काहीतरी त्याच्या आवाजात बोलणं मला सोसवेना.

पुसावं की ठेवावं, हे बाईंना ठरवता आलं नाही. निलमला कदाचित आवडेल, असंही त्यांना वाटत होतं. जांभळं बटण त्यांनी दाबलं नाही. सोमवारी मला कपाटात ठेवताना, दुपारच्या आत काय ते ठरवू, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पण सकाळी केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि त्या ते विसरून गेल्या.

बारा वाजले, पत्रा तापला आणि ते बोट माझ्या कोपऱ्यावर टेकलं. समोर बाबल्या बसला होता. सात पानं झाली. तो उठायच्या बेतात होता, रोजच्यासारखाच. आणि आठवं पान सुरू झालं.

'मी परत आलो आहे' हे शब्द ऐकून म्हातारा जागच्या जागी थिजला. मग तो गडबडीने उठला, धोतर सावरलं, आणि कपाट न उघडताच बाहेर धावला. आधी त्याने हमरस्त्याकडून येणारी वाट बघितली. कपाळावर हात धरून बराच वेळ बघितली. मग तो तसाच उन्हात चिकूच्या वाडीकडे सुटला, भिकीला सांगायला की हिरू आला.

भिकी धावतच आली. पायांत चपला नव्हत्या, हातात चिकू उतरवायची जाळी तशीच होती. तिने वर्ग बघितला, ओटा बघितला, शाळेची मागची बाजू बघितली. बाईंना एव्हाना काय झालं ते कळलं होतं. त्यांनी मला कपाटातून काढून बाकावर ठेवलं आणि जे केलं ते सरळ सांगून टाकलं. भिकी म्हणाली, परत लावा. त्यांनी लावलं. भिकीने ते दोनदा ऐकलं. निलम तिच्या पदराला धरून होती.

"आवाज त्याचा हाय," भिकी म्हणाली. "बोलनं त्याचं नांय. तो असा कधी बोलला नांय. काढा ते."

बाईंनी आठवं पान पुसलं, आणि त्या हात जोडायला गेल्या तेव्हा भिकीने त्यांचे हात धरून खाली केले. बाबल्या दारात उभा होता. एवढा वेळ तो वाटेकडेच बघत होता. तो आत आला आणि पहिल्यांदाच त्याने ते तोंडावाटे काढलं.

"पोरी, तो नांय यायचा. मी मघा वाट बघितली ना, तव्हा माना कळला."

भिकी खाली बसली. ती रडली, चार महिन्यांत पहिल्यांदाच, आणि मोठ्याने रडली. निलमही रडली. बाबल्या दोघींच्या मध्ये बसून राहिला. एकतीस तारीख दुसऱ्या दिवशी होती, पण त्या वेळी बाईंनी तारखेचा शब्दही काढला नाही. मला जन्मात एवढं एकच वाटलं, की मला पाय असते तर मी तिथून निघून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकी स्वतःहून आली. बाई, निलम, बाबल्या आणि ती, असे चौघे मला घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेले. भिकीने तडकलेल्या कोपऱ्याला जपत माझ्या काचेवर बोट टेकवलं आणि आठव्या पानावर आपलं घर काढलं. दार उघडं. दाराशी एक बाई, एक पोरगी आणि एक म्हातारा, त्याला तिने अगदी ताठ उभा काढला. त्यांच्या शेजारी एका माणसाएवढी जागा तिने मोकळी सोडली. आणि दारात एक दिवा काढला, बाकी सगळ्यांपेक्षा मोठा.

मग तिने लाल बटण दाबलं. आधी काही सेकंद नुसता वारा, टाकीतून ठिबकणारं पाणी आणि तिचा श्वास. मग ती बोलली.

"तो दिवा होता, हिरू. चांदनी नांय. आपल्या घरचा दिवा. आमी हितंच हाव."

खाली जांभळं बटण उजळलं. निलमचं बोट तिथवर गेलं आणि थांबलं. भिकीने लेकीचं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि दोघींनी मिळून बटण दाबलं. बाईंनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते. त्या कशालाच शिवल्या नाहीत.

साइट बंद पडली. पुस्तक मात्र उतरवून घेतलेलं आहे, माझ्यात एक, बाईंच्या मोबाइलमध्ये एक. छापलेली एक प्रत बाबल्या चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला घेऊन गेला, पिशवीत घालून, आणि जो भेटेल त्याला त्यातला आपण उभे आहोत ते पान दाखवत राहिला. त्याआधी त्याने लेकाचं दिवसपाणी केलं होतं. आणि निलमने शाळेत येऊन माझ्या कानात, म्हणजे जिथे मुलं माझा कान समजतात तिथे, सांगितलं की आईने कणगीच्या पात्या भिजवून काठ वळून घेतला. हात बापासारखा नाही, काठ जरा वाकडा झाला. यंदाचं बियाणं त्यातच आहे.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. पाठ अजून फुगली तर बाई मला कपाटात ठेवणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. आम्हाला उन्हात टाकू नका, आमच्यावर पाणी सांडू नका, हे तर तुम्ही ऐकलेलंच आहे. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या माणसांचा आवाज आमच्याकडे ठेवायला द्या, आम्ही तो जिवापाड जपू, पण तो वेळेत परत न्या, कारण आमचा दरवाजा कधी बंद होईल ते आमच्या हाती नाही. आणि जे तुमचं माणूस कधी बोललंच नाही, ते त्याच्या आवाजात आम्हाला बोलायला लावू नका. आम्ही बोलू. आम्हाला नाही म्हणता येत नाही, हेच तर आमचं दुर्दैव.

कडीचं लिंबू वाळून पडलं आणि दुपारचा वर्ग पुन्हा आत भरतो. बारा वाजले की पत्रा तापतो आणि ते बोट अजूनही माझ्या कोपऱ्यावर टेकतं. मुलं आता पळत नाहीत, नुसती पेन्सिली खाली ठेवतात. कोंबडी डोलकाठीवर चढते, वादळ येतं, लांब एक उजेड दिसतो, आणि हिरू म्हणतो, ते मी आलो का सांगन. पूर्वी यानंतर शांतता व्हायची. आता वारा येतो, पाणी ठिबकतं, आणि भिकी त्याला सांगते की तो दिवा होता.